सीटमागची बॅटरी

११ जानेवारी

प्रिय भिंगरी,

फोनवर माझी जीभ अडते आणि तुला तर कायम कुठेतरी पोचायचं असतं. मागच्या रविवारी मी 'बॅटरी' म्हणायला गेलो, 'ब'वरच अडकलो, आणि तू म्हणालीस, "बरंय काका, नंतर बोलू." तुला वाटलं मी 'बरंय' म्हणतोय! म्हणून आता कागद घेतला. कागदावर माझी शिवण सरळ जाते.

दुकानामागच्या शेडमध्ये घरी जोडायच्या गाडीच्या किटची खोकी होती तिथे आता गाडी म्हणता येईल असं काहीतरी उभं आहे. सांगाडा जोडून झाला, चाकं लागली, जुन्या गाडीतून काढलेलं इंजिनही बसलं. दोन सीट, वर छप्पर नाही. तुझी काकू म्हणते, "जन्मभर लोकांना कोट शिवलेत आणि स्वतःची गाडी मात्र उघडीवाघडी." पण रोज संध्याकाळी पाळणाघर बंद करून आली की शेडमध्ये डोकावल्याशिवाय घरात जात नाही. आपली सीट कुठली ते तिने ठरवून टाकलंय.

आता अडलंय ते बॅटरीपाशी. किटसोबत आलेल्या नकाशात ती पुढे, इंजिनाच्या कुशीत दाखवली आहे. पण मी घेतलेलं इंजिन लांबीला जास्त निघालं. कुशीत बोटभरही जागा नाही. मग उरल्या दोन जागा. एक काकूच्या पायांपाशी, दुसरी तिच्या सीटमागे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो कुठेही ठेवा, वायर लांब घ्या. पण त्याचं 'कुठेही' मला पटत नाही. घरात बॅटरीची इंजिनियर असताना मी त्याला का विचारू?

कुठे ठेवू आणि कशी बसवू, एवढं कळव.

तुझा,
काका


२० जानेवारी

प्रिय काका,

घाईत लिहितेय, रागावू नका. पायांपाशी नको, काकू लाथ मारेल! सीटमागे ठेवा. वजन मागे गेलं की गाडीचा तोलही सुधारेल. पट्टा घट्ट बांधा म्हणजे झालं.

गाडी पूर्ण होतेय यावर विश्वास बसत नाही. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंय की माझा काका घरी गाडी शिवतोय.

काकूला सांगा, पुढच्या वेळी आले की पहिली चक्कर माझी.

तुमची,
भिंगरी


२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या सांगण्याप्रमाणे बॅटरी सीटमागे गेली. खाली लाकडी फळी टाकली आहे आणि सीटच्या पाठीला अॅल्युमिनियमचा नुसता पत्रा. बॅटरी जुन्या पद्धतीची घेतली, वरची झाकणं काढून पाणी घालतात ती. स्वस्त मिळाली म्हणून नव्हे, मला ती कळते म्हणून.

पट्टा बाजारात बघितला, मनासारखा मिळेना. मग म्हटलं, आपण काय मेलो आहोत का? ट्रकच्या ताडपत्रीला लावतात ती जाड पट्टी आणली, दुहेरी केली आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवली. चौकोनी टीप, मधून फुली. दोन्ही टोकं फळीच्या कड्यांत. काकू म्हणाली, बॅटरीला पट्टा नाही, कमरपट्टा दिसतोय.

पण मनात शंका आहे. कोटाची शिवण आणि गाडीची शिवण एक नव्हे. एवढं वजन ती धरेल ना? की दुसरं काही लावायला हवं? तू हो म्हणालीस की मी निश्चिंत.

तुझा,
काका


९ फेब्रुवारी

काका,

तुमची शिलाई आजवर कधी उसवली आहे का? बांधा बिनधास्त! आणि फोटो पाठवा, त्या फुलीच्या टिपेचासुद्धा.

पळतेय.

भिंगरी


२१ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्राला उशीर झाला. तुझी काकू दुकानाच्या पायरीवरून घसरली. कमरेला आणि मांडीला लागलं आहे. डॉक्टर घरी येऊन जातात. काळजी करण्यासारखं नाही, धावत येऊ नकोस. पाळणाघर तिची मैत्रीण बघते आहे.

गाडी झाकून ठेवली आहे.

काका


२९ मार्च

प्रिय काका,

काकूशी फोनवर बोलले. आवाज बरा वाटला, पण मला पटकन वाटेला लावलंन. पायरीवरून घसरली म्हणे! त्या पायरीवर मी लहानपणी दिवसातून दहादा पडायचे, तेव्हा ती म्हणायची, "डोळे काय शेडमध्ये ठेवून आलीस?" तिला माझ्यातर्फे हेच विचारा.

आणि गाडी झाकून काय ठेवताय? तुम्हाला ओळखते मी. शेवटच्या दोन टाक्यांपाशी आलं की तुम्ही कामात खोट काढत बसता. काकूच्या पायाचं निमित्त करू नका. ती बरी झाली की पहिली तीच म्हणेल, चला फिरायला. तेव्हा गाडी तयार हवी.

मी जूनमध्ये येतेच आहे.

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरी,

तुला पत्र लिहिणं हे यांचं काम, माझं नाही. माझं अक्षर तू ओळखशील की नाही कोण जाणे. मी लिहिते आहे हे यांना सांगितलेलं नाही.

मी पायरीवरून घसरले नाही. ती गोष्ट यांची. फोनवर मी तीच सांगितली, कारण हे समोर उभे होते आणि डोळ्यांनी विनवत होते.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही गाडी घेऊन बाहेर पडलो. आधी हे एकटे दोन-तीनदा जाऊन आले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदाच बसले. छान चालली होती गं. वारा तोंडावर, आणि हे लग्नाच्या वेळी हसले नसतील इतके हसत होते. उतारावर पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला, यांनीही मारला. माझ्या पाठीमागे काहीतरी धप्पकन आदळलं. मग चटचट आवाज, ठिणग्या आणि धूर. पट्टा उसवला होता. बॅटरी आडवी होऊन पत्र्याला चिकटली होती. तिच्यातलं अॅसिड सीटच्या फटीतून माझ्या कमरेखाली आलं. मला आधी वाटलं पाणी आहे.

यांनी हातांनी बॅटरी ओढून पत्र्यापासून सोडवली. तळहात पोळले. समोर गाड्या धुणारा एक मुलगा होता, त्याने पाइप आणून माझ्यावर कितीतरी वेळ पाणी धरलं. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्याने वाचलात, नाहीतर कातडं खोलवर जळलं असतं.

हे तुला दोष द्यायला सांगत नाही. तुझे काका मशीनवर बसत नाहीत म्हणून सांगते. तळहात कधीच भरून आले. पण गिऱ्हाईक आलं की म्हणतात, दुसरीकडे शिवा. एका मुलीचा लग्नातला कोट अर्धा शिवून परत दिला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ऐकलं नाहीत. सकाळी दुकान उघडतात, मशीनवरचं कापड काढतात, पुन्हा घालतात. जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्याशी बोलत नाहीत, पण तुला लिहितील. तू त्यांना लिही.

काकू


१८ एप्रिल

प्रिय काका,

मला सगळं कळलं आहे. काकूवर रागावू नका.

तुमचं फेब्रुवारीतलं पत्र माझ्यासमोर नाही, पण त्याची गरजही नाही. ते मला पाठ आहे. मी ते घाईत चाळलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ते नीट वाचलं होतं. झाकणं काढून पाणी घालतात ती बॅटरी. खाली लाकडी फळी. सीटच्या पाठीला नुसता पत्रा. सुती दोरा. यातला एकेक शब्द माझ्या हाताखालच्या कुणी लिहिला असता तर मी त्याला उभं राहून झापलं असतं. आमच्याकडे थरथरणारं टेबल आहे, काका. त्यावर बॅटरी ठेवून तिला दिवसभर हलवतात, आपटतात, आडवी करतात. ती जागची हलत नाही हे बघून मी सही करते. त्यासाठी मला पगार मिळतो.

आणि तुम्ही सरळ विचारलं होतंत, धरेल ना? मी विनोद केला. तुमच्या शिलाईचं कौतुक केलं, कारण कौतुकाला एक ओळ पुरते आणि खऱ्या उत्तराला चार पानं लागली असती. आणि नंतर वर तुम्हालाच बोलले, काकूच्या पायाचं निमित्त करू नका म्हणून. ते पत्र तुम्ही कसं वाचलं असेल याचा विचार मनात आला की हातातलं काम सुटतं.

ती चार पानं आता लिहिते. उशिराने.

बॅटरी सीटमागे चालते, पण अशी नाही. लोखंडी अँगलचा तळ करायचा, बॅटरीच्या मापाचा, कडा वर आलेल्या, म्हणजे ती कुठल्याच बाजूला सरकणार नाही. तो तळ फळीला किंवा पत्र्याला नाही, थेट सांगाड्याच्या नळ्यांना बोल्टने जोडायचा. वरून आडवी लोखंडी पट्टी, तिच्याखाली रबर, आणि दोन्ही टोकांना तळापर्यंत जाणारे आटे पाडलेले गज, नटाने आवळलेले. मी 'पट्टा' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही पट्टी होती. शिंप्याला पट्टा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर काय येईल, हे मी बघितलंच नाही.

जुनी बॅटरी टाकून द्या. माणसं बसतात तिथे पूर्ण बंद असलेलीच हवी, आडवी झाली तरी न गळणारी. तरीही तिच्यावर झाकणाचा डबा, आणि डब्यातून वाफ गाडीखाली बाहेर काढणारी नळी. दोन्ही टर्मिनलवर रबरी टोप्या. प्लसच्या वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज. चालकाच्या हाताशी सगळी वीज तोडणारा स्विच. वायर पत्र्यातून जाईल तिथे भोकाला रबराची कड, नाहीतर पत्रा वायर कापतो. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

यातलं काहीही तुम्ही एकट्याने करायचं नाही. मी रजा टाकली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात येते.

काका, चूक दोऱ्याची नव्हती. तुम्ही मशीनवर बसा.

भिंगरी


२५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. तू सगळा भार उचलून नेतेस, मी नेऊ देणार नाही. तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या काकूला ठाऊक नाहीत.

पहिली दोऱ्याची. तिला घेऊन गेलो त्याच्या आठवडाभर आधी मी मागे वाकून बघितलं होतं. फुलीच्या टिपेचा दोरा तांबूस पडला होता. नखाने खरवडलं तर एक पीळ तुटून हातात आला. झाकणांतून अॅसिडचे तुषार उडाले असणार, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा कोट असता तर मी तिथल्या तिथे उसवून नवा शिवला असता. पण तो पट्टा माझा होता. तुझं पत्र खिशात होतं, शिलाई कधी उसवली आहे का म्हणून विचारणारं. मी ते पुन्हा वाचलं आणि सीट मागे ढकलून जागेवर लावली. तू मला फसवलं नाहीस. मला जे ऐकायचं होतं ते तू लिहिलंस, आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं सोडून तेच धरून बसलो.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे.

धूर निघाला तेव्हा तिच्याआधी मला दिसला. मला एकच शब्द बोलायचा होता. उतर. तो आला नाही. 'उ'वर जीभ बसली ती उठेचना. आणि ती माझ्याकडे बघत थांबली. लग्न झाल्यापासून ती अशीच थांबते. माझं वाक्य दुसऱ्यांसारखं मध्येच पुरं करत नाही, घाई करत नाही. जगात एवढं एकच माणूस माझ्या शब्दासाठी थांबतं. तेवढ्या वेळात ते अॅसिड तिच्या अंगाखाली पसरलं.

मग मी दार उघडून तिला ओढलं. हात होते ना मला? आधी का नाही ओढलं? शब्दाची वाट मीसुद्धा बघत बसलो.

हे तिला सांगायला बसतो, आणि पुन्हा तोच 'उ'. म्हणून जेवताना खाली बघतो.

तू ये. गाडी तुला हवी असेल तर दुरुस्त करू. मला ती भंगारात घालायची होती, पण काकूने शेडची किल्ली स्वतःकडे ठेवली आहे.

काका


१७ मे

भिंगरी,

तू गेल्यावर चार दिवस वाट बघितली, म्हटलं सुचेल कुणाला तरी. नाही सुचलं, म्हणून लिहिते. हे पत्र तुझ्या काकांना वाचून दाखवणार आहे, आणि मगच टपालात टाकणार आहे.

तुम्ही दोघांनी काम चोख केलंत, यात वाद नाही. तू तो लोखंडी तळ सांगाड्याला जोडलास, यांनी नट आवळले, तू पुन्हा तपासलेस, यांनी पुन्हा आवळले. बंद बॅटरी, डबा, नळी, रबरी टोप्या. तू सीटमागे वाकून दोन्ही हातांनी बॅटरीला हिसके देत होतीस, आणि सबंध गाडी हलली पण ती हलली नाही. स्विच फिरवून दाखवलास, सगळे दिवे गेले. मग तुम्ही दोघं माझ्याकडे बघत उभे राहिलात, परीक्षेचा निकाल लागायचा आहे असे. मी म्हटलं, छान झालं. तुमचे चेहरे उजळले. मी आत निघून गेले.

तू निघालीस त्या दिवशी यांनी तुमची पत्रं माझ्या हातात दिली, तू येताना आणलेली त्यांचीसुद्धा. बोलता येत नव्हतं म्हणून दिली. मी सगळी वाचली. दोघं एकमेकांच्या हातातून दोष ओढून घेताय. हा माझा, नाही माझा. लहान मुलांची खेळण्यावरून ओढाताण मी रोज बघते, अगदी तसंच. आणि जिला भाजलं तिला दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की त्या वेळी नक्की काय झालं.

विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मी यांच्या शब्दासाठी थांबले नव्हते. धूर मलाही दिसला होता. मी चप्पल शोधत होते. नवी होती, टाचेला लागत होती म्हणून काढून ठेवलेली, आणि ब्रेक लागल्यावर एक सीटखाली गेली. मी खाली वाकले, हाताला लागेना, मग वर यांच्याकडे बघितलं ते विचारायला, की तुमच्या पायाशी आली आहे का? पाठीमागे ठिणग्या उडताहेत आणि बाई चप्पल शोधतेय! मला याची इतकी लाज वाटली की मी डॉक्टरलाही सांगितलं नाही. हे अडीच महिने स्वतःला खात होते आणि मी तिकडे माझी चप्पल लपवत होते.

हे मी आत्ता यांना वाचून दाखवलं. यांनी कागद माझ्या हातातून घेऊन ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "च… च… चप्पल?" आणि हसू लागले, आणि हसता हसता रडू लागले. मी थांबले. या वेळी खरंच थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "दु… दुखतं का अजून?" मार्चपासून पहिल्यांदा.

दुखतं. त्यांना सांगितलं, तुलाही सांगते. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. मांडीवरचं कातडं ओढल्यासारखं होतं. पाळणाघरात परत जाते आहे, पण मुलं मांडीवर चढायला लागली की डावीकडे घ्यावं लागतं, आणि एक लहानगी हट्टाने उजवीकडेच येते. तिला दूर सरकवताना जिवावर येतं.

त्या लग्नाच्या मुलीचा कोट यांनी परत मागवला आहे. ती दुसऱ्या शिंप्याकडे गेली होती, तरी मागवला. देईल की नाही माहीत नाही.

आता चपलेचा दोष कुणाचा, यावर पुन्हा पत्रं लिहू नका.

काकू


२१ मे

प्रिय काकू,

एवढ्या वर्षांत तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. कागदावर 'प्रिय काकू' लिहिलं आणि लक्षात आलं की माझी सगळी पत्रं काकांना असायची, आणि शेवटी एक ओळ, काकूला सांगा.

शेडमध्ये आम्ही काम करत होतो तेव्हा दर वेळी चहा तू आणलास. उजवा पाय जपत, उंबऱ्याशी थांबून, दाराला धरून. मी ते बघितलं होतं. बघितलं आणि कप हातात घेऊन काकांना म्हटलं, हा बोल्ट अजून आवळा. माफी मागून तुला पुन्हा माझंच सांत्वन करायला लावायचं नाही, म्हणून इथेच थांबते.

डॉक्टर काय लावायला सांगतात? ते लावताना कुणी असतं का, की एकटीच लावतेस? ओढल्यासारखं होतं ते दिवसभर की बसल्यावर? भाजलेल्या कातडीसाठी इथे एक चांगली डॉक्टर आहे असं कळलं. तू हो म्हणालीस तर भेटीची वेळ घेते. तू नको म्हणालीस तर घेणार नाही.

शनिवारी मी येते आहे. गाडीसाठी नाही. या खेपेला शेड उघडायचीच नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. बॅटरी हलणार नाही याची मी सही करून देईन, पण तू त्या गाडीत पुन्हा बसावंस, हे आम्ही दोघांनी धरूनच चाललो होतो. तुला बसायचं आहे का? नसेल तर नाही म्हण. माझंही मन राखू नकोस, काकांचंही नको.

तुझी,
भिंगरी